तिकटीपाशी वळणारी चाकं

आमच्या माण तालुक्यात पूर्वी धुकं नव्हतं. हे मी ठासून सांगतो, कारण लोकांना वाटतं थंडी आली की धुकं आलंच. आमची थंडी कोरडी असायची, ओठ फोडणारी, टाचा चिरणारी. सकाळी उठून बघावं तर लांबचा डोंगर परसात आणून ठेवल्यासारखा स्वच्छ दिसायचा. मग कॅनॉलचं पाणी आलं. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून धुकं आलं. पाण्याचं पूजन झालं, पहिला ऊस कारखान्याला गेला तेव्हा गुलाल उधळला, धुक्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. ते गुपचूप आलं आणि हिवाळाभर आमच्या तिकटीवर मुक्काम करायला लागलं.

तिकटी म्हणजे आमच्या वस्तीवरचा रस्ता जिथं मोठ्या रस्त्याला मिळतो ती जागा. मोठा रस्ता आपलं म्हणायचं. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. रस्त्याच्या एका बाजूला कॅनॉलचा भराव आणि दुसऱ्या बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. मी लोणंदला एका कारखान्यात नोकरी करतो. रोज उजाडायच्या सुमाराला घरून निघायचं, तिकटीवर वळायचं, घाट उतरून फलटणवरून लोणंद गाठायचं, हा माझा क्रम. कारखान्याजवळ खोली घेऊन राहा म्हणून सगळे सांगतात. पण आई घरी एकटी असते आणि माझाही स्वभाव असा की चार लोकांनी एक सांगितलं की मला दुसरंच करावंसं वाटतं.

आई एकटी, कारण आबा हिवाळाभर घरी नसतात. आमचं घराणं मेंढरांचं. पाणी आल्यावर आबांनी थोडी बागायत केली, ऊसही लावला, पण मेंढरं काही सोडली नाहीत. ऊस तुटून रान मोकळं झालं की शेतकरी आमच्या लोकांना बोलावून रानात मेंढरं बसवतात. कळप रात्रभर तिथं बसतो, लेंड्यांनी रान खतावतं, बदल्यात धान्य मिळतं. आबा तेवढे दिवस कळपाजवळ घोंगडी पांघरून उघड्यावर झोपतात. पहाटे शेतकऱ्याला पाण्याची पाळी असली की कळप उठवायचा आणि पुढच्या रानाकडं हाकायचा. त्या हिवाळ्यात आबांची सगळी रानं तिकटीच्या आसपास होती. जायची वाट एकच, रस्त्याची साइडपट्टी. काळी मेंढरं, काळी घोंगडी आणि वर पांढरं धुकं.

माझी गाडी जुनी, पण उंच आणि दणकट. सांगलीच्या एका हौशी माणसाकडून घेतली होती. त्या गृहस्थानं मूळची चाकं काढून मोठाल्या चकचकीत अलॉय रिमा बसवल्या होत्या. वर टायर रुंद आणि भाकरीच्या काठाएवढे पातळ. गाडी उभी असली की लोक वळून बघायचे. माझ्या बायकोचं माहेर सांगलीकडचंच, तिला त्या चाकांचं फार कौतुक. त्या दिवाळीनंतर ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, आणि पुढच्याच आठवड्यात त्या चाकांनी मला त्यांचं खरं रूप दाखवलं.

उसाच्या ट्रॉल्या रानातून रस्त्यावर चढताना चाकांना लागलेला चिखल रस्त्यावर सोडत जातात. त्यावर उसाचं पाचट पडतं, वर दव पडतं. तिकटीवर मी ब्रेक लावला आणि गाडी थांबायचं सोडून फिरली. आवाज नाही, धक्का नाही. जात्यावर बसल्यासारखा मी गोल फिरलो आणि इंजिन बंद पडलं. आजूबाजूला नुसतं पांढरं. आपलं तोंड कुठल्या गावाकडं आहे तेही कळेना. तेवढ्यात अगदी काचेजवळ कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसासारखं, खोल. मग दुसऱ्या बाजूनं खोकलं. मग चहूबाजूंनी.

मेंढरं थंडीत खोकतात. धनगराच्या पोटी जन्मून मला ते त्या क्षणी आठवू नये, एवढा मी घाबरलो होतो. धुक्यातून आधी काठी दिसली, मग घोंगडी.

"कोन हाय त्ये?"

"मी हाय आबा."

"तू व्हय? मग आसं घराकडं त्वांड करून का हुबा? आज सुट्टी हाय का?"

मी हसलो. गाडी आणखी एक हात सरकली असती तर आबा तिच्याखाली होते. त्या दिवसापासून मला एकच भीती लागली. धुक्यात एक दिवस आपल्याच चाकाखाली आपला बाप येणार. जेवताना, मशीनवर काम करताना, बायकोशी फोनवर बोलताना, ती भीती शेजारी बसून असायची. आबांना म्हणालो, उजाडल्यावर कळप हलवा. ते म्हणाले, पाण्याची पाळी काय माझ्या बापाची हाय? निदान चमकणारा पट्टा तरी घाला म्हणालो, तर म्हणाले, मेंढरं बुजत्यात. बापापुढं शहाणपण चालत नाही. मग राहिली चाकं, तेवढी माझ्या हातात होती.

लोणंदच्या रस्त्यावर एका मेजरचं टायरचं दुकान आहे. आमच्या जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. हा गडी म्हणे बर्फात गाड्या चालवून आला होता. हिवाळ्यासाठी टायर पाहिजेत म्हणालो मात्र, त्यानं मला खुर्ची दिली आणि थेट काश्मिरात नेलं.

"पाव्हणं, हिवाळा तिकडं असतोय. तिकडं टायरच येगळं. रबर मऊ, लोण्यावानी. कितीबी थंडी पडू द्या, कडक हुयाचं न्हाई. पायजे तर मागवून देतो. एकदम लाजवाब चीज!"

"आणि चैत्रात काय करू?" मी विचारलं. "आपल्या उन्हात तो आठ दिवसांत चपलेसारखा झिजंल."

"ते बी हाय," तो म्हणाला आणि जराही न ओशाळता दुसरं दाखवायला लागला. त्याचा जीव त्या चकचकीत रिमांवरच होता. ह्याच रिमांवर आणखी रुंद टायर घ्या, गाडी रस्त्याला चिकटून चालंल, असं त्याचं म्हणणं. माझा विचार उलटा होता. रुंद, पातळ टायर चिखलावर तरंगतो. मला रिम लहान आणि टायर उंच पाहिजे होता, म्हणजे खड्ड्यात चाक जरा दबेल आणि पुन्हा उठेल. खाचा खोल पाहिजेत, पण ट्रॅक्टरसारख्या नकोत, नाहीतर डांबरावर गाडी भुंग्यासारखी गुणगुणत जाते. मेजर म्हणाला, गाडीची शान जाईल. मी म्हणालो, शान गेली तरी चालंल, गाडी थांबली पाहिजे. आमची चांगलीच जुंपली. शेवटी त्यानं मला पाहिजे तसे टायर काढले, तेव्हा मी वाकून त्यांच्या अंगावर कोरलेला बनावटीचा आठवडा आणि साल वाचलं. माल दुकानात पडून पडून जुना झालेला. रबर नख रुतू नये इतकं कडक. मी ते परत ठेवायला लावले. ताजे टायर आले की फोन करतो म्हणाला तो, आणि तोंड पाडून का होईना, फोन केला त्यानं. चाकं बसवून झाल्यावर चारी टायरांखाली लिंबं ठेवली. मी गाडी पुढं घेतली, चारी फुटली. मेजर म्हणाला, आता काय भ्या न्हाई.

घरी आलो तर आई दारातच उभी. तिनं गाडीला पाणी ओवाळून टाकलं, मग खाली बसून टायरवरून हात फिरवला. नव्या टायरवर रबराचे बारीक काळे काटे असतात, साच्यातून निघताना राहिलेले. तिनं ते पहिल्यांदाच पाहिले.

"आगं बया! ह्याला जावळ हाय की रं, तान्ह्या पोरावानी!"

"चालवलं की झडतंय ते," मी म्हणालो.

"झडू दे मग. सावकाश झडू दे," ती म्हणाली, आणि हात फिरवतच राहिली. सून माहेरी, नातवंड वाटेवर, तिला सगळीकडं तान्ही पोरं दिसत असणार.

टायर उत्तम निघाले. मी रोज सकाळी चाकं गार असताना हवा तपासायचो, कारण थंडीत हवा बसते आणि पंपावर गरम चाकात मोजलेला आकडा खोटं बोलतो. चिखलात ब्रेक दाबला की खाचा रस्ता धरायच्या. भीती कमी व्हायला हवी होती. पण अमावस्या आली, आणि अवसेच्या दुसऱ्या सकाळी तिकटीवर उतारा पडलेला दिसला.

गाव म्हटलं की उतारा आलाच, त्यात नवल नाही. कुणाला नजर लागते, कुणाचं पोर रडतं, मग अंगावरून उतरून तिकटीवर ठेवतात. तरी दिव्याच्या उजेडात ते एकदम समोर आलं. डांबराच्या अगदी मध्यावर पत्रावळ, दहीभात, कुंकू भरलेलं कापलेलं लिंबू, बिब्बा, कोळसा. धुक्याला तेवढीच एक फट होती आणि त्या फटीत ते मांडलेलं होतं. मी विचार केला नाही. हातानं स्टिअरिंग वळवलं, गाडी साइडपट्टीवरून गेली आणि पुन्हा रस्त्यावर आली. मी डिप्लोमा केलेला माणूस. देवळात जातो तोही आईनं ढकलला तर. पण लिंबू चाकाखाली चिरडायचं कुठं आणि चुकवायचं कुठं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. ते दुधाबरोबर पोटात जातं.

पुढच्या अवसेला तसंच. पत्रावळ तीच, जागा तीच. ह्या वेळी मी थोडा पुढं जाऊन थांबलो आणि चालत मागं आलो. कुणाचा उतारा असेल, कशासाठी, अशी एक खाज होती. भात कुत्र्यांनी अर्धा खाल्लेला, उरलेल्या भातावर दव साचलं होतं. आणि भातात केस होते. काळे, राठ, बोटाच्या पेराएवढे. एका मापाचे. माणसाचे केस असे नसतात, जनावराचेही नसतात. मी वाकलो होतो तसाच मागं सरलो. कोणीतरी धुक्यातून आपल्याकडं बघतंय असं वाटलं. गाडीत बसून मी काचा वर केल्या, दारं आतून लावून घेतली आणि मगच चावी फिरवली. शरम वाटली, पण दारं लावली हे खरं.

त्या संध्याकाळी आबा घरी आले. हिवाळ्यात ते सहसा येत नाहीत. ओसरीवर बसले, आईनं चहा दिला तो तसाच गार होत राहिला.

"कोकरू ग्येलं," ते म्हणाले. "तिकटीजवळ. पिकअप हुता, थांबलाच न्हाई. पर मला एक सांग, त्या जागंत काय हाय? हितं तितं गाड्या नीट जात्यात. तिकटीवर आल्या की रस्ता सोडत्यात आन् आमच्या अंगाव येत्यात. कुनीतरी बलावल्यावानी. रोज न्हाई. कवातरीच. फटफटी काय, ट्रॅक्टर काय, समद्या एकाच जागी खाली उतरत्यात. म्या लय हिवाळं काढलं, पर आसं कवा बगितलं न्हाई."

आबा कशाला भिणारे नाहीत. लांडग्याच्या तोंडातून त्यांनी मेंढरू ओढून काढलेलं आहे. त्यांच्या आवाजात भीती मी पहिल्यांदाच ऐकली. आई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, "जपून ऱ्हावा आवं."

मला कारण लगेच कळलं होतं. गाड्या उताऱ्याला वळसा घालत होत्या, माझ्यासकट. आबा उसाच्या कडेनं कळप हाकतात, धुक्यात त्यांना रस्त्याचा मध्य दिसत नाही. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "उतारा कोन हालीवनार?" खरंच, कोण हलवणार? जो हात लावतो त्याच्या अंगाला ते सगळं लागतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी पायानं उडवतो म्हणालो तर आबांनी माझा दंडच धरला. "तुजी बायकू दोन जीवाची हाय," ते म्हणाले. "तू न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी काढून मी तिकटीवर गेलो. धुकं विरल्यावर साइडपट्टीचा चिखल वाळत होता आणि त्यात चाकांचे ठसे होते. फटफटीचे बारीक, ट्रॅक्टरचे भले थोरले, जीपचे, टेम्पोचे. सगळे त्याच एका जागी रस्ता सोडून खाली उतरले होते आणि त्याच एका जागी वर चढले होते. त्यांत माझेही होते. महिनाभर रोज बघून ती नक्षी मला तोंडपाठ झाली होती. जिथं कोकराचं रक्त वाळलं होतं तिथून वीतभर अंतरावरून माझं चाक गेलं होतं. मी तिथंच उकिडवा बसलो. मनाशी ठरवलं, पुढच्या अवसेला काहीही होवो, सरळ जायचं. लिंबावरून जायचं.

तो महिना वाईट गेला. बायकोचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. आई गप्प गप्प झाली होती. रात्री फोन वाजला की ती दचकायची.

अवस झाली आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आली. धुकं इतकं, की बॉनेटचं टोक दिसेना. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून काच खाली केली आणि कान बाहेर ठेवले. टायरचा बारीक चुळचुळ आवाज, बाकी सगळं मुकं. तिकटी आली. दिव्याच्या उजेडात पत्रावळ आली. मी तोंडानं म्हणत होतो, सरळ, सरळ. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं. आणि हात वळले. मी वळवले असं मी म्हणणार नाही. मी बघत होतो आणि ते वळले. गाडी साइडपट्टीवर उतरली, आणि काचेसमोर धुकं काळं झालं.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. खाचांनी चिखल धरला. गाडी नाक खाली दाबून जागच्या जागी थांबली. बॉनेटवर एक हात होता. सुरकुतलेला, नखांत माती भरलेला. हातामागं घोंगडी, घोंगडीत एका कोकराचं डोकं. आबा मागं सरले नव्हते, कारण त्यांच्या मागं मेंढरं दाटली होती.

"आवाज वळखू आला न्हाई रं," ते म्हणाले. "आदीच्या चाकाचा मला ठावं हुता."

मी खाली उतरलो. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मी रडलो, मोठ्यानं, त्या खोकणाऱ्या कळपात. आबांना काय करावं कळेना, ते माझ्या पाठीवर मेंढराला थोपटतात तसं थोपटत राहिले. मग मला राग आला. असा राग मला जन्मात आला नव्हता. मी तरातरा रस्त्याच्या मधोमध गेलो आणि पत्रावळीवर मोबाईलची बॅटरी धरली. कोण आहे हा हरामखोर, बघायचंच होतं.

भातात तेच केस. मी बघत राहिलो. बॅटरीचा उजेड हलला आणि माझ्या गाडीच्या पुढच्या चाकावर पडला. रोज हवा बघताना मी व्हॉल्व्ह बघायचो, टायरचा गाल कधी निरखला नव्हता. टायरच्या गालावर, जिथं रस्ता लागत नाही आणि काटे वर्षभर तसेच राहतात, तिथं एक पट्टा साफ गुळगुळीत होता. कुणीतरी बसून, एकेक करून, उपटल्यासारखा.

मी गाडी वळवून घरी आणली. आई अंगणात पाणी तापवत होती.

"आये, तिकटीवर तू ठेवतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. नाही म्हणाली नाही.

"तू गाडीसंगट उलटा फिरलास तवापासनं," ती म्हणाली. "त्या गाडीला लय नजर हाय बाळा. समदी वळून वळून बगायची. मान्साच्या पायाखालची माती घेत्यात. गाडीचं काय घिऊ? मग जावळ काडलं. तुला लेकरू व्हनार, तू रोज धुईतनं जानार. मी आनखी काय करू?"

"आणि ठेवून आल्यावर गाड्या कुठनं जातात, बघितलंस कधी?"

"मागं बगायचं नसतंय," ती म्हणाली. मला साधं कसं कळत नाही, असा तिचा चेहरा. "बोलायचं न्हाई, मागं वळून बगायचं न्हाई, घरी यून पाय धुवायचं. मागं बगितलं की त्ये परत मागं येतंय."

आबांचं कोकरू मेलं ते ऐकताना ती तिथंच होती. गाड्या उताऱ्याला वळसा घालतात हे मी आबांना सांगितलं, तेही तिनं ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं. तिच्या मनात वाईट ते उताऱ्याबरोबर बाहेर गेलं होतं, त्यानं आणखी काही केलं असेल हे तिच्या मनात शिरतच नव्हतं. मी वाद घातला नाही. म्हणालो, "बस गाडीत."

तिकटीच्या अलीकडं आम्ही वस्तीच्या रस्त्यावर उभे राहिलो. जरा उजाडलं होतं, धुक्याला दुधाचा रंग आला होता. साइडपट्टीवर आबा विखुरलेली मेंढरं गोळा करत होते. दुधाची कॅनं बांधलेली एक फटफटी आली. मध्यावर येताच ती कलली, खाली उतरली, आबांना घासून वर चढली. मग एक जीप आली, तिनंही तसंच केलं. आबा न बघताच एक पाऊल उसात सरले, इतकी ती सवय झाली होती. मग उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्यानं लावलेली. त्याचं मोठं चाक पत्रावळीजवळ आलं आणि हळूच, मान दिल्यासारखं, बाजूला झालं. ट्रॉली आबांच्या बाजूला झुकली. आबांनी कोकरू छातीशी धरलं आणि उसाच्या सरीत, गुडघाभर पाण्यात, मागं गेले.

"आवं!" आई ओरडली. तिचा आवाज ट्रॅक्टरच्या गाण्यात बुडाला.

ट्रॅक्टर गेल्यावर ती चालायला लागली. मला वाटलं आबांकडं जाते आहे. ती रस्त्याच्या मध्यावर थांबली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी पत्रावळ उचलली. लिंबू, बिब्बा, कोळसा, भाताची शितं, ते काळे केस, सगळं तिनं वेचून पदरात घेतलं. डांबराला चिकटलेलं कुंकूसुद्धा नखानं खरवडून काढलं.

"ए, टाक त्ये!" आबा सरीतून ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "टाक म्हंतो न्हवं! हात लावू नगं!"

मीही धावलो. तिनं हात पुढं करून मला लांब थांबवलं. मग पदराला गाठ मारली, घट्ट, आणि गाडीकडं चालायला लागली. रस्ता मोकळा झाला. त्या जागेवर आता काहीच नव्हतं, आणि मागून आलेला टेम्पो सरळ निघून गेला.

मी तिला पुढं, माझ्या शेजारी बसवलं. हे सगळं तिकडं नदीत सोडू, म्हणालो. तिनं मान हलवली. "पाण्यात कुनाच्या तरी पायाला लागंल," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता माज्यासंगट."

घरापर्यंतच्या त्या रस्त्यावर मी गाडी जन्मात चालवली नसेल इतकी सावकाश चालवली. माझ्यावरून, माझ्या चाकांवरून उतरवलेलं सगळं तिच्या मांडीवर होतं, आणि तिनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.